देशासाठी जामीन राहिलेला अध्यक्ष : रिस्तो ऱ्युती

पासबुक

हेलसिंकीत स्नेलमन रस्त्यावर दोन इमारती एकमेकींकडे तोंड करून उभ्या आहेत. एक बँक ऑफ फिनलंड, म्हणजे त्यांची रिझर्व्ह बँक. दुसरी सॅत्युतालो, जुन्या काळच्या विधिमंडळासाठी बांधलेली, दर्शनी खांबांची भारदस्त वास्तू. गेल्या उन्हाळ्यात लेकाकडे दोन महिने होतो. लेक-सून ऑफिसला गेले की मी ट्रामचा पास खिशात टाकून भटकायचो. सगळी नोकरी बँकेत गेली, त्यामुळे परदेशातसुद्धा माझे पाय बँकेकडेच वळतात (हे वाक्य बायकोचं). बँकेसमोर स्नेलमन या एकोणिसाव्या शतकातल्या फिनिश विचारवंताचा पुतळा आहे. त्याच्या चौथऱ्याचे टवके उडालेत. फेब्रुवारी १९४४ मध्ये रशियाने हेलसिंकीवर बाँब टाकले, त्याच्या त्या खुणा. मुद्दामच बुजवलेल्या नाहीत. एका खळग्यात बोट घालून पाहिलं, पेरभर आत गेलं.

या बँकेचा गव्हर्नर म्हणून सोळा-सतरा वर्षं बसलेला माणूस पुढे देशाचा राष्ट्राध्यक्ष झाला. युद्धाच्या शेवटी तो पुन्हा गव्हर्नरच्या खुर्चीत होता. आणि नोव्हेंबर १९४५ मध्ये समोरच्या सॅत्युतालोत आरोपी म्हणून उभा राहिला. मधला रस्ता मी चालून मोजला, पंधरा पावलं.

युद्धकाळातले अध्यक्ष म्हटलं की आपल्याकडे लिंकन, रूझवेल्ट आणि आता झेलेन्स्की यांच्यापुढे गाडी जात नाही. म्हणून हा धागा रिस्तो ऱ्युतीवर.

जन्म ३ फेब्रुवारी १८८९, हुइत्तिनेन नावाच्या गावी, खात्यापित्या शेतकरी घरात. भावंडं पुष्कळ. हा अभ्यासू, कायदा शिकला, वकिली सुरू केली. आल्फ्रेड कोर्देलिन नावाच्या गडगंज उद्योगपतीचं काम त्याच्याकडे आलं. नोव्हेंबर १९१७ मध्ये कोर्देलिनच्या वाढदिवसाला त्याच्या मोम्मिलाच्या वाड्यावर पाहुणे जमले होते. त्यात ऱ्युती आणि त्याची बायको गेर्डाही होती. ७ तारखेला रशियन खलाशी आणि त्यांच्या साथीदारांची टोळी आली, सगळ्यांना ओलीस धरलं, आणि त्या गदारोळात कोर्देलिन मारला गेला. हे नवराबायको वाचले. त्याच दिवशी तिकडे पेट्रोग्राडमध्ये बोल्शेविकांनी सत्ता घेतली. रशियाबद्दल या माणसाचं मत कशावरून बनलं असेल ते वेगळं सांगायला नको.

तिसाव्या वर्षी खासदार, मग अर्थमंत्री, आणि १९२३ मध्ये बँकेच्या गव्हर्नरपदी नेमणूक. १९२६ मध्ये त्याने फिनिश मार्क सुवर्णमानावर नेला, म्हणजे चलनाचा भाव ठरावीक सोन्याला बांधला. पहिल्या महायुद्धानंतर अमेरिकेकडून घेतलेली कर्जं बड्या बड्या देशांनी बुडवली, तेव्हा एवढासा फिनलंड हप्ते फेडत राहिला. लंडन-न्यूयॉर्कच्या बँकवाल्यांत त्यामुळे फिनलंडची पत होती आणि ऱ्युतीचं नाव होतं. माणूस पक्का इंग्लंडप्रेमी. १९३४ मध्ये इंग्लंडच्या राजाकडून मानाचा किताबही मिळाला. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

३० नोव्हेंबर १९३९ ला सोव्हिएत फौजा सीमा ओलांडून आल्या. दुसऱ्याच दिवशी नवं मंत्रिमंडळ आलं आणि पंतप्रधानपद ऱ्युतीच्या गळ्यात पडलं. त्याच दिवशी स्टालिननेही सीमेवर कुसिनेन नावाच्या फिनिश कम्युनिस्टाचं एक कळसूत्री सरकार उभं केलं आणि सांगितलं, आमच्या लेखी फिनलंडचं सरकार हेच! सदतीस लाख वस्तीचा देश साडेतीन महिने लढला. पंचवीस हजारांच्या आसपास माणसं गेली. मार्च १९४० मध्ये ऱ्युती स्वतः मॉस्कोला गेला आणि १२ तारखेच्या रात्री तहावर सही करून आला. वीपुरी शहरासकट पूर्वेकडचा कारेलिया प्रांत रशियाकडे गेला, चार लाखांवर माणसं घरंदारं सोडून इकडे आली.

तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष क्यॉस्ती काल्लिओ, साधा शेतकरी माणूस. तहाला संमती देताना 'असल्या कागदावर सही करणारा हात झडो' अशा अर्थाचं काहीतरी ते बोलून गेले. ऑगस्टमध्ये त्यांना झटका आला आणि उजवा हातच लुळा पडला. त्यांनी राजीनामा दिला. १९ डिसेंबर १९४० ला नवा अध्यक्ष निवडला गेला आणि त्याच संध्याकाळी काल्लिओ गावी जायला हेलसिंकी स्टेशनवर आले. मानवंदना झाली, बँड वाजत होता, गाडी उभी होती, आणि तिथेच ते कोसळले ते उठले नाहीत. नव्या अध्यक्षाच्या कारकिर्दीचा पहिला दिवस हा असा.

निवडून आला ऱ्युती, ३०० पैकी २८८ मतांनी. बाकीची नावं रशियाचा परराष्ट्रमंत्री मोलोतोव याने आधीच कापली होती. टानर, किविमाकी, सरसेनापती मानरहाइम, स्विनहुफ्वुड यांतलं कोणी चालणार नाही, असा निरोप मॉस्कोतल्या फिनिश राजदूताच्या हाती आला होता. पोरीच्या लग्नात शेजाऱ्याने स्थळं कापावीत तसा प्रकार.

आता खरा मुद्दा. १९४१ मध्ये फिनलंड जर्मनीच्या बाजूने पुन्हा युद्धात उतरला. त्याबद्दल बोलणारे इथे बरेच आहेत, त्यांच्यासाठी जागा सोडतो. मला बोलायचंय ते जून १९४४ वर.

९ जूनला रशियाने कारेलियाच्या पट्टीत प्रचंड हल्ला चढवला. २० तारखेला वीपुरी पडलं. २२ ला जर्मन परराष्ट्रमंत्री रिबेनट्रॉप न बोलावता हेलसिंकीत दाखल झाला. म्हणणं साधं : रणगाडाभेदी शस्त्रं, विमानं, धान्य हवं असेल तर आमच्याशिवाय वेगळा तह करणार नाही असं लिहून द्या, आणि संसदेची मंजुरी घ्या. संसदेत हे पास होणार नाही हे सगळ्यांना ठाऊक. मग पंतप्रधान लिंकोमिएस, मार्शल मानरहाइम आणि मंडळींनी वाट काढली. करार करायचाच नाही. राष्ट्राध्यक्षाने हिटलरला स्वतःच्या नावाने एक पत्र द्यायचं. मी, रिस्तो ऱ्युती, जर्मनीच्या संमतीवाचून शस्त्रसंधी किंवा तह करणार नाही आणि मी नेमलेलं सरकारही करणार नाही. तारीख २६ जून १९४४.

आम्हा बँकवाल्यांना यातली मेख लगेच कळते. कर्ज देशाचं, पण कागदावर देशाचा शिक्का नाही. जामीनदार एक व्यक्ती. व्यक्ती खुर्चीवरून उठली की कागदाची रद्दी.

शस्त्रं आली. ताली-इहानताला इथे दोन आठवडे घनघोर लढाई होऊन आघाडी टिकली. १ ऑगस्टला, म्हणजे सहीनंतर छत्तीस दिवसांनी, ऱ्युतीने राजीनामा दिला. संसदेने खास कायदा करून मानरहाइमला अध्यक्ष केलं. १७ ऑगस्टला जर्मन सेनापती कायटेल भेटायला आला, तेव्हा मानरहाइमने सरळ सांगितलं की आधीच्या अध्यक्षांचा शब्द मला बांधील धरत नाही. सप्टेंबरात युद्ध थांबलं.

ज्या माणसाने जन्मभर 'सही म्हणजे सही' एवढंच सांभाळलं, त्याने न वटणारा चेक फाडला आणि फाडताना त्याला ते माहीत होतं. मी स्नेलमनच्या चौथऱ्यापाशी हाच विचार करत बसलो होतो. तुम्हाला काय वाटतं?

रातराणी

वाचतेय. नाव पहिल्यांदाच ऐकलं, लाज वाटून घ्यावी की नाही ठरवते आहे. ऱ्युती हा उच्चार बरोबर आहे का? इंग्रजी स्पेलिंग बघून मी मनात 'रायटी' म्हणत होते.

बर्फाळ_वैदेही

रायटी नको गं! ओठ 'ऊ' म्हणताना असतात तसे ठेवायचे आणि आतून 'ई' म्हणायचं. मला अकरा वर्षं झाली इथे, अजून जमत नाही. माझी मुलगी हसते.

पासबुक काका, छान लिहिलंय. थोडी भर घालते. इथल्या लोकांच्या मनात ऱ्युतीची जागा मोठी आहे. २००४ मध्ये टीव्हीवर 'महान फिनिश व्यक्ती' निवडायची स्पर्धा झाली, त्यात पहिला मानरहाइम आणि दुसरा ऱ्युती. पण पुतळ्यांचं पाहा. मानरहाइमचा घोड्यावरचा पुतळा भर चौकात १९६० पासून उभा आहे. ऱ्युतीचा आला १९९४ मध्ये, सोव्हिएत युनियन बुडाल्यानंतर. मधल्या काळात शेजाऱ्याचं मन राखायचं म्हणून पुष्कळ गोष्टी मोठ्याने बोलत नसत. माझ्या ऑफिसातले निवृत्तीला आलेले एक सहकारी सांगतात, शाळेत त्यांना ऱ्युती अर्ध्या पानात उरकून शिकवला.

आणि हिएतानिएमीची दफनभूमी नाताळच्या आदल्या संध्याकाळी बघा कधी. दुपारी तीनलाच अंधार, बर्फ, आणि हजारो मेणबत्त्या. युद्धात गेलेल्या सैनिकांच्या एकसारख्या दगडांच्या रांगाच रांगा. ऱ्युतीही त्याच दफनभूमीत आहे. लोक आधी घरच्यांच्या थडग्यांपाशी जातात, मग सैनिकांकडे. कोणी कोणाशी बोलत नाही. पहिल्या वर्षी मला वाटलं काहीतरी भांडण झालंय.

तिरकस

लेख झकास, पण पासबुकसाहेबांनी सोयीची पानं उघडली आणि नको ती चिकटवून ठेवली. "त्याबद्दल बोलणारे इथे बरेच आहेत" म्हणे! आलो मी.

१) जून १९४१. फिनलंडने हिटलरशी लेखी करार केला नाही, 'सहयुद्धकर्ते' हा शब्द शोधून काढला. पण उत्तर फिनलंडमध्ये जर्मन फौजा आधीच येऊन बसल्या होत्या ना? २५ जूनला रशियाने बाँब टाकले हे खरं, त्याआधी तीन दिवस जर्मन विमानं फिनलंडच्या आसऱ्याने फिरत होती हेही खरं.

२) गेलेला मुलूख परत घेतला, ठीक. पण १९३९ ची सीमा ओलांडून पूर्व कारेलियात कशाला घुसलात? जे कधीच तुमचं नव्हतं! तिथल्या रशियन वस्तीला, बायकापोरांसकट, छावण्यांत डांबलं. चार हजारांहून जास्त माणसं मेली त्यात, बरीचशी १९४२ मध्ये, उपासमारीने आणि रोगाने.

३) नोव्हेंबर १९४२ मध्ये आठ ज्यू निर्वासित जर्मनांच्या हवाली केले. ऑशविट्झ. आठातला एक वाचला.

४) इंग्लंडप्रेमी म्हणे. त्याच इंग्लंडने ६ डिसेंबर १९४१ ला फिनलंडशी युद्ध पुकारलं. तो यांचा स्वातंत्र्यदिन.

हे सगळं होत होतं तेव्हा राष्ट्राध्यक्ष कोण होतं? त्यामुळे 'जामीन राहिलेला' वगैरे गहिवर मला झेपत नाही. आणि उपमा तशीही लंगडी आहे. हप्ता थकला म्हणून जामीनदाराला पकडतो तो सावकार. इथे सावकार जर्मनी. ऱ्युतीला तुरुंगात टाकलं रशियाच्या दबावाने. सावकाराने काय केलं? जाताना उत्तर फिनलंडचा लॅपलँड पेटवून दिला. तिथलं रोव्हानिएमी शहर बेचिराख केलं. म्हणजे वसुली गावाकडून झाली.

न_कळणारा

तिरकसभाऊ, शेवटची ओळ जबरी.

पासबुक

तिरकस, उपमा लंगडी आहे हे मान्य. लंगडत का होईना, चालते एवढंच म्हणेन.

१९४१ बद्दल. तुमचे चारही मुद्दे खरे आहेत, एकही नाकारत नाही. फक्त १९४० चा उन्हाळा डोळ्यांपुढे आणा. जूनमध्ये फ्रान्स पडला. एस्टोनिया, लॅटव्हिया, लिथुएनिया, तिघांनाही रशियाने दोन महिन्यांत गिळलं. हेलसिंकीहून एस्टोनियाचं तालिन बोटीने दोन-अडीच तासांवर आहे, मी जाऊन आलो. तिथे काय चाललंय ते यांना दिसत होतं. मग मॉस्कोतून मागण्या सुरू : पेत्सामोच्या निकेलच्या खाणी द्या, आमच्या गाड्यांना रेल्वेची वाट द्या. नोव्हेंबरमध्ये मोलोतोव बर्लिनला गेला आणि फिनलंडबाबत मोकळीक मागितली, ती हिटलरने नाकारली. बाल्टिक समुद्र बंद, इंग्लंड लांब, स्वीडनशी एकत्र यायचं म्हटलं तर त्यालाही मॉस्कोचा नकार. धान्य जर्मनीकडून येणार. अशा वेळी दुसरा कोणता दरवाजा उघडा होता, ते मला खरंच कोणी दाखवलेलं नाही.

पूर्व कारेलियाचं मात्र समर्थन नाही. तिथे हाव सुटली. बँकेत जन्म घालवलेल्या माणसाला पुरतं कळायला हवं होतं की येणं वसूल करणं वेगळं आणि दुसऱ्याच्या खात्यात हात घालणं वेगळं. आणि त्या आठ जणांबद्दल मी लेखात लिहायला हवं होतं. चुकलं.

सनावळी

दोन-तीन किरकोळ दुरुस्त्या/भर :

काल्लिओ मानरहाइमच्या मिठीत गेले असं अनेक ठिकाणी वाचायला मिळतं. पासबुक यांनी ते टाळलं, बरं केलं. मानरहाइम फलाटावर हजर होते, पण सावरलं ते अंगरक्षक-अधिकाऱ्याने.

ते ३०० मतदार, म्हणजे निवडणूक-मंडळ, १९३७ चं होतं. काल्लिओंना निवडण्यासाठी जनतेने निवडलेलं. युद्धामुळे नवी निवडणूक घेता येत नव्हती, म्हणून १९४० मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी १९४३ मध्ये तेच जुने ३०० बोलावले. दुसऱ्या वेळी ऱ्युतीला २६९ मतं. म्हणजे अध्यक्षपदासाठी हा माणूस जनतेपुढे कधी उभाच राहिला नाही. युद्धकाळातला अध्यक्ष म्हणून त्याची ताकद आणि कमजोरी, दोन्ही यात आहे असं मला वाटतं.

अजून एक. ४ जून १९४२, मानरहाइमचा पंचाहत्तरावा वाढदिवस. हिटलर विमानाने इम्मोलाला शुभेच्छा द्यायला आला. रेल्वेच्या डब्यात बसून मानरहाइमशी गप्पा मारत असताना फिनिश रेडिओच्या तंत्रज्ञाने गुपचूप अकरा मिनिटं ध्वनिमुद्रित केली. हिटलर भाषण न ठोकता साध्या आवाजात बोलतोय असं हे दुर्मीळ मुद्रण. ऱ्युतीही तिथे होता. ऐकून बघा, रशियाकडे एवढे रणगाडे निघतील असं वाटलं नव्हतं, अशी रड चाललेली आहे.

रातराणी

ऐकलं! अंगावर काटा आला. बँकेतला साहेब शाखा तोट्यात का गेली ते समजावून सांगतो तसा आवाज आहे.

पासबुक

आमच्या साहेबांचा आवाज याहून मोठा असायचा.

न_कळणारा

बाळबोध प्रश्न. आपल्याकडे राष्ट्रपती सेनादलांचा सरसेनापती असतो, पण १९७१ चं युद्ध म्हटलं की इंदिराबाई आणि माणेकशॉ आठवतात. तेव्हाचे राष्ट्रपती व्ही. व्ही. गिरी हे मला शोधून काढावं लागलं. मग फिनलंडमध्ये पंतप्रधान असताना अध्यक्षाला एवढं महत्त्व कसं?

कायद्याचा_कीस

बाळबोध नाही, कळीचा प्रश्न आहे. आपला राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो. आणीबाणीचा हुकूम त्याच्या सहीने निघतो, १९६२ ला राधाकृष्णन यांच्या, १९७१ ला गिरी यांच्या, पण निर्णय दुसरीकडे झालेला असतो. फिनलंडच्या १९१९ च्या राज्यघटनेत परराष्ट्र धोरण हा अध्यक्षाचा प्रांत होता. परदेशांशी संबंध अध्यक्ष ठरवणार, युद्ध आणि तह यांसाठी मात्र संसदेची संमती हवी. म्हणून आपण त्यांना 'राष्ट्राध्यक्ष' म्हणावं आणि आपल्या पदाला 'राष्ट्रपती', हा फरक मला पटतो.

सेनेचं प्रमुखपदही घटनेने अध्यक्षाचंच. पण युद्ध सुरू होताच काल्लिओंनी ते मानरहाइमला दिलं आणि ऱ्युतीनेही परत मागितलं नाही. त्यामुळे कारभार दोन टोकांचा झाला : हेलसिंकीत कोटातला अध्यक्ष, मिक्केलीच्या मुख्यालयात गणवेशातला मार्शल. मोठे निर्णय पाचसहा माणसांच्या बैठकीत होत. संसदेला बरंच उशिरा कळायचं. तिरकस यांना १९४१ बद्दल राग आहे तो या पद्धतीवर असायला हवा, असं माझं मत.

आता त्या पत्राकडे. 'तहाला संसदेची संमती हवी' हे कलम दोन्हीकडून कापतं. संसदेविना अध्यक्ष करार करू शकत नाही, म्हणून पत्र म्हणजे करार नाही. आणि करार नाही म्हणूनच ते पुढच्या अध्यक्षाला बांधील धरत नाही. जर्मनांकडे वकील नव्हते असं नाही. पण जूनच्या त्या आठवड्यात त्यांनाही घाई होती, फ्रान्समध्ये दोस्तांच्या फौजा उतरलेल्या होत्या. अमेरिकेने मात्र पत्राची लगेच दखल घेतली, ३० जूनला राजनैतिक संबंध तोडले. अमेरिकेने फिनलंडशी युद्ध कधी पुकारलं नाही, हे विसरू नका.

खटल्याबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून लिहितो. शस्त्रसंधीच्या तेराव्या कलमात युद्धगुन्हेगारांवर कारवाईची अट होती. सप्टेंबर १९४५ मध्ये फिनिश संसदेने एक कायदा केला : १९४१ मध्ये देश युद्धात उतरण्याला ज्यांनी निर्णायक हातभार लावला किंवा ज्यांनी तह होऊ दिला नाही, ते दोषी. म्हणजे कृत्य आधी, गुन्हा नंतर. आपल्या घटनेच्या २०(१) कलमाला हे चालत नाही, आणि त्यांच्याकडेही तेव्हा कायदेपंडितांनी कपाळाला हात लावला होता. हा कायदा मार्गी लावणारे न्यायमंत्री कोण? उऱ्हो केक्कोनेन. पुढे पंचवीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिले तेच.

आठ आरोपी, सगळे राजकारणी. मानरहाइम नाही, तो तर तेव्हा राष्ट्राध्यक्षाच्या खुर्चीवर होता. १५ नोव्हेंबर १९४५ ते २१ फेब्रुवारी १९४६. निकाल सौम्य लागतोय असं दिसताच दोस्तांच्या नियंत्रण आयोगाने, म्हणजे प्रत्यक्षात त्याचा रशियन प्रमुख झ्दानोव याने, डोळे वटारले आणि शिक्षा वाढल्या. ऱ्युतीला सर्वांत जास्त, दहा वर्षं सक्तमजुरी. लिंकोमिएसच्या आधीचे पंतप्रधान रांगेल सहा, लिंकोमिएस आणि टानर प्रत्येकी साडेपाच. फाशी कोणालाच नाही. त्या सालात हंगेरी, रुमानियात काय चाललं होतं ते पाहिलं तर हीच मोठी गोष्ट.

तिरकस

कीसभाऊ, पद्धतीवर राग आहेच. पण पद्धत खुर्चीवर बसत नाही, माणूस बसतो.

तरी एक कबूल करतो. कायदा मागून केलेला होता, खटला लाजिरवाणा होता. आणि तो खटला पूर्व कारेलियातल्या छावण्यांसाठी किंवा त्या आठ जणांसाठी नव्हताच. ज्यासाठी जाब विचारायला हवा होता त्यासाठी कोणी विचारला नाही, आणि भलत्या कारणासाठी दहा वर्षं ठोकली. याला काय म्हणावं?

बर्फाळ_वैदेही

इथेही ते आता आता बोललं जातंय. त्या आठ जणांसाठी हेलसिंकीत स्मारक झालं आणि २००० मध्ये तेव्हाच्या पंतप्रधानांनी ज्यू समाजाची जाहीर माफी मागितली.

तुरुंगाचं सांगते. काताजानोक्का बेटावरचा जुना तुरुंग, ऱ्युतीने शिक्षेतला काही काळ तिथे काढला. २००२ मध्ये तुरुंग बंद झाला आणि आता तिथे चक्क हॉटेल आहे. नवऱ्याच्या कंपनीचे पाहुणे एकदा तिथे उतरले होते, तेव्हा आत जाऊन पाहिलं. कोठड्या जोडून खोल्या केल्यात. लांब मधला मार्ग आणि दोन्हीकडे लोखंडी जिने तसेच आहेत. नाश्त्याला राय धान्याचा काळा पाव आणि सामन मासा. पाहुणे खूश होते, मला मात्र तो घास गोड लागला नाही.

गोळेश्वरचा

इतका वेळ गप्प वाचत होतो. हेलसिंकी म्हटल्यावर आमच्या गावचा माणूस राहवत नाही!

२३ जुलै १९५२. हेलसिंकी ऑलिंपिक. खाशाबा जाधव, बँटमवेट, कांस्यपदक. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. कऱ्हाड स्टेशनापासून गोळेश्वरपर्यंत दीडशे बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती, आजोबा त्यातल्या एका गाडीवर होते. वैलांची शिंगं रंगवली होती, हे ते मरेपर्यंत सांगायचे. खाशाबांच्या प्रवासखर्चासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे तर सगळ्या कोल्हापूर-साताऱ्याला पाठ आहे. जामीन, गहाण यांवरून बोलताय म्हणून आठवलं.

तर प्रश्न असा, ऱ्युती तेव्हा कुठे होता?

वैलांची > बैलांची. टंकनदोष.

सनावळी

सुटून तीन वर्षं झाली होती. १९ मे १९४९ ला राष्ट्राध्यक्ष पासिकिवींनी माफी दिली, तेव्हा तब्येत पार ढासळली होती. राजकारणात परत आला नाही.

गोळेश्वरकर, तुमच्या १९५२ ला अजून एक धागा जोडतो. हेच ऑलिंपिक आधी १९४० ला हेलसिंकीत व्हायचं होतं, स्टेडियम १९३८ मध्येच बांधून तयार होतं. युद्धाने रद्द झालं. आणि १९५२ चा सप्टेंबर म्हणजे युद्धाची भरपाई म्हणून रशियाला द्यायच्या खंडणीचा शेवटचा हप्ता. १९३८ च्या भावाने आधी ठरले तीस कोटी डॉलर, पुढे १९४८ मध्ये रशियाने कमी करून साधारण साडेबावीस कोटींवर आणले, तेही पैशात नाही तर वस्तूंत : जहाजं, यंत्रं, इंजिनं, केबल, लाकूड. आठ वर्षं गाड्या भरभरून जात होत्या. खाशाबा जिंकले त्यानंतर दोन महिन्यांच्या आत शेवटची आगगाडी सीमा ओलांडून गेली.

न_कळणारा

म्हणजे फेडलं सगळं?

पासबुक

फेडलं. पै न पै.

जाता जाता स्वतःचं एक सांगतो. १९८८ साली मी एका सहकाऱ्याला घरकर्जासाठी जामीन राहिलो. माणूस चांगला, एका डब्यात जेवणारा. दोन वर्षांनी नोकरी सोडून गेला तो गेलाच. माझ्या पगारातून दरमहा कपात सुरू झाली, साडेचार वर्षं. घरी पगाराची स्लिप दाखवायचा धीर होत नसे. बायकोने पहिल्यांदा ती पाहिली तेव्हा काही बोलली नाही, फक्त त्या दिवाळीला पडदे बदलले नाहीत. मला तेव्हा सगळ्यात जास्त टोचायचं ते हे की आपण फसलो. सही करताना माहीत असतं तर केली असती का? नसती केली. म्हणूनच २६ जूनचा तो कागद माझ्या डोक्यातून जात नाही. तिरकस म्हणतात ते १९४१ चं ओझं त्याच्या खात्यावर आहेच, ते या सहीने वळतं होत नाही. दोन्ही नोंदी एकाच खातेपुस्तकात राहणार.

मे १९५६ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली. २५ ऑक्टोबरला तो गेला. तेव्हा राष्ट्राध्यक्षपदी केक्कोनेन होते.

तिरकस

पडदे बदलले नाहीत. बास, हे जमलंय.

बर्फाळ_वैदेही

पासबुक काका, आज जेवणाच्या सुट्टीत मुद्दाम स्नेलमन रस्त्यावर गेले होते. बँकेच्या पायरीपासून सॅत्युतालोच्या पायरीपर्यंत पंधरा पावलं मुळीच होत नाहीत. माझी पन्नासच्या वर भरली. तुम्ही नुसतं डांबर मोजलंत.

पासबुक

दुरुस्ती मान्य. पायरी ते पायरी धरा.